वरातीचा घाम आणि नाशिकचा गारठा

तुळशीचं लग्न लागलं की नाशिकच्या घोडीवाल्यांना उसंत राहत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत घोडीच्या अंगावर हिवाळ्याचे दाट केस आलेले असतात. गंगापूर रोडच्या नाहीतर छत्रपती संभाजीनगर रोडच्या एखाद्या लॉन्सपाशी रात्री आठला वरात निघते. अंगावर मखमली जरीचा साज, पाठीवर नवरदेव, त्याच्यापुढे बसवलेला एखादा लहानगा, आणि समोर छातीत धडधड उठवणारे स्पीकर. घोडी चालते फार थोडी. जागच्या जागी नाचते, बिचकते, थबकते. तासाभरात मानेखाली आणि तंगाच्या कडेला पांढरा फेस दिसू लागतो. साडेदहाला नवरदेव उतरतो, साज काढून टेम्पोत टाकला जातो आणि ओलीचिंब घोडी दहा-बारा अंशांच्या गारठ्यात पंचवटीकडे चालू लागते. दुसऱ्या दिवशी तिचं अंग आखडलेलं असतं, चंदीकडे ती बघत नाही आणि मालक म्हणतो, "थंडी बाधली."

थंडीवर हा आळ विनाकारण येतो. अंगावर पुरेसं मांस आणि कोरडे केस असलेला धडधाकट घोडा साधारण पाच अंशांपर्यंत स्वतःला सहज सांभाळतो. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा सरासरी दहा-अकराच्या आसपास असतो आणि दुपारी अठ्ठावीस-एकोणतीसला जातो. निफाडची गोष्ट वेगळी. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८च्या अखेरीस पारा दोन अंशांच्याही खाली उतरला होता आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या होत्या. पण अशा रात्री हंगामात मोजक्याच. वाऱ्याचा आडोसा आणि रात्रभर पुरेल एवढा चारा मिळाला तर त्याही रात्री कोरडा घोडा निभावून नेतो. ओला घोडा मात्र पंधरा अंशांतही कुडकुडतो.

याचं कारण केसांत आहे. थंडी वाजली की घोड्याचे केस मुळाशी ताठ होतात आणि त्यांच्यामध्ये हवा कोंडली जाते. ही कोंडलेली हवाच त्याची गोधडी. घामाने केस भिजले की ते अंगाला चिकटतात, हवा निघून जाते आणि उरतं ते गार पाण्यात भिजवलेलं फडकं. त्यात घोड्याचा घाम आपल्यासारखा पातळ नसतो. त्यात मीठ भरपूर असतं आणि लॅथेरिन नावाचं एक प्रथिन असतं. हे प्रथिन साबणासारखं काम करून घाम केसांच्या टोकापर्यंत पसरवतं, तो चटकन वाळावा म्हणून. फेस येतो तो त्यामुळेच. उन्हाळ्याच्या तुळतुळीत केसांवर ही योजना उत्तम चालते. हिवाळ्याच्या दाट केसांत तोच घाम तळाशी मुरून बसतो आणि वाळायला तासन् तास घेतो. वरून हात फिरवला तर घोडी कोरडी वाटते, बोटं केसांत खुपसली की कातडीपाशी ओल लागते.

हे केस येतात कशाने? बहुतेकांना वाटतं, थंडी पडली म्हणून. खरं तर घोड्याचं शरीर दिवसाची लांबी मोजत असतं. जूनच्या अखेरीस दिवस लहान व्हायला लागला की हिवाळ्याच्या केसांची तयारी आतून सुरू होते. थंडीचा परिणाम त्यावर थोडाफार होतो, पण मुख्य सूत्र उजेडाच्या हातात. म्हणूनच ज्या तबेल्यात रात्रभर एलईडी जळत असतो, किंवा ज्याच्या तोंडावरच महापालिकेचा दिवा आहे, तिथल्या जनावरांचं केसांचं वेळापत्रक गडबडलेलं दिसतं. घोड्यांची पैदास करणारे लोक याच गोष्टीचा उपयोग करून, घोडीला रोज सोळा तास उजेड देऊन तिला लवकर माजावर आणतात.

इथे सारंगखेड्याचा मुद्दा येतो. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठच्या या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि पंजाब, राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेशातून व्यापारी येतात. नाशिकला हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस जेमतेम अकरा तासांचा, तर लुधियानाकडे तो दहा तासांच्या थोडाच वर. शिवाय तिकडची थंडी आपल्यापेक्षा कडक. त्यामुळे डिसेंबरात पंजाबातून आलेलं जनावर तिकडचा कोट घालूनच येतं आणि नाशिकच्या दुपारी नुसतं उभ्या उभ्या घामेजतं. नव्या मालकाला वाटतं, आजारी माल गळ्यात मारला. तसं असेलच असं नाही. दुपारी सावलीत वारा येईल अशा जागी बांधा, झूल अजिबात नको, आणि पहिले तीन आठवडे काम पहाटे किंवा संध्याकाळी हलकंच ठेवा. आपलं देशी तट्टू आणि बारीक कातडीचा मारवाडी यांच्यातही फरक आहेच. एकाच तबेल्यात दोघांना एकच झूल, एकच वेळ लावणं हा आळस झाला.

आता वरातीनंतरच्या पाऊण तासाबद्दल. सगळं राजकारण त्या पाऊण तासात आहे.

नवरदेव उतरला की तंग दोन भोकं सैल करा, पण खोगीर आणि साज लगेच ओढून काढू नका. पाठ घामाने तापलेली असते, तिला पाच-सात मिनिटं द्या. तेवढ्यात घोडी हातात धरून मंडपाच्या मागच्या बाजूला, स्पीकरपासून लांब, संथ चालवा. मग साज उतरवा आणि लगेच अंगावर घोंगडी टाका. पोरं इथे चुकतात. एकतर घोडी उघडी ठेवतात, नाहीतर तोच मखमली साज पुन्हा पांघरतात. साजाला आतून नायलॉनचं नाहीतर रेक्झिनचं अस्तर असतं, त्यातून वाफ बाहेर जात नाही. निवडणुकीचे जुने फ्लेक्स पांघरलेली जनावरंही पाहायला मिळतात. उमेदवाराचा हसरा चेहरा पाठीवर घेऊन घोडी आतल्या आत उकडते आणि फ्लेक्स काढला की गारठते.

मेंढीच्या लोकरीची खरबरीत घोंगडी याला सर्वांत चांगली. लोकर ओल शोषून घेते, वाफ वर जाऊ देते आणि स्वतः दमट झाली तरी ऊब धरते. धनगरी घोंगडी मिळत नसेल तर बाजारातली फ्लीसची चादर चालते. अगदी काही नसेल तर एक जुनी युक्ती आहे: पाठीवर गव्हाच्या काडाचा चार बोटं जाड थर पसरा, त्यावर गोणपाट टाका आणि सुती पट्ट्याने सैल बांधा. काडामुळे गोणपाट अंगाला चिकटत नाही, मधून हवा खेळते आणि अर्ध्या तासात पाठ बरीचशी वाळते. वरून हात लावला तर गोणपाटाची बाहेरची बाजू दमट लागेल. तेच हवंय, ओल बाहेर येते आहे. घोडी वाळली की काड झटका आणि मगच रात्रीची कोरडी झूल घाला. ओली घोंगडी रात्रभर अंगावर ठेवली तर केलेलं सगळं पाण्यात.

घाम पुसताना केसांच्या दिशेने पुसू नका. काडाचा मूठभर पेंढा वळा किंवा कोरडं गोणपाट घ्या आणि छाती, मान, काखा, मांड्यांच्या मधला भाग केसांच्या उलट दिशेने जोर लावून चोळा. केस उभे राहिले की हवा आत शिरते. फेस फार असेल तर आधी पट्टीने निथळून घ्या. रात्री पाणी ओतायचं नाही. मिठाची पांढरी खपली सकाळी ऊन वर आल्यावर खराऱ्याने निघते. मात्र ती काढायचीच, विशेषतः तंगाच्या जागेवरची. घामाचं मीठ आणि धूळ मिळून कातडी सोलवटते आणि त्यावर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तंग आवळला की जखम ठरलेली. ओल्या, कोंदट केसांखाली बारीक खपल्यांचा त्वचारोग होतो तोही याच हंगामात. खपली उचलली की केसांचा झुबका सोबत निघून येतो, ही त्याची खूण. अंघोळ घालायचीच असेल तर दुपारी बारा ते दोनच्या मध्ये, कोमट पाण्याने.

घोडी वाळली की नाही हे पाठीवर पाहू नका. कानाच्या मुळाशी, काखेत आणि दोन मांड्यांच्या मध्ये हात घाला. ही ठिकाणं शेवटी वाळतात. कान मुळापर्यंत गार लागत असतील तर घोडी खरोखर गारठली आहे. नुसते पाय गार असणं हे काही लक्षण नव्हे.

पाण्याबद्दल एक जुना समज आहे की तापलेल्या घोड्याला पाणी दाखवूच नये. दोन-तीन मिनिटं चालवून झाल्यावर चार-सहा घोट, पुन्हा थोडं चालवून चार-सहा घोट, असं पाजलं तर काही बिघडत नाही. उलट घामातून इतकं मीठ गेलेलं असतं की घोडीला तहानेची जाणीवच कमी होते, आणि थंडीत हौदातलं गार पाणी ती तसंही कमी पिते. पाणी कमी आणि चारा कोरडा म्हणजे आतड्यात चारा तटून पोटदुखी. हिवाळ्यातल्या पोटदुखीचं हे नेहमीचं कारण. म्हणून पाणी कोमट करून द्या. बादलीभर पाण्यात एक लोटा उकळतं पाणी मिसळलं तरी पुरे. मोठ्या घोड्याला रोज तीस-चाळीस ग्रॅम साधं मीठ चंदीत घाला, वरातीच्या दिवशी थोडं जास्त, तट्टाला निम्मं.

चंदी घोडी पूर्ण थंडावल्यावर, तासाभराने. रात्रीची ऊब चंदीने येत नाही, ती वैरणीने येते. घोड्याच्या मोठ्या आतड्यात चारा आंबतो आणि त्या आंबण्याची उष्णता रात्रभर पुरते. म्हणून गारठ्याच्या रात्री हरभरा वाढवण्याऐवजी झोपण्यापूर्वी सुक्या गवताची एक पेंढी जास्त टाका. थंडीत घोडीला रमचा पेग पाजणारे महाभाग आपल्याकडे आहेत. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंगातली ऊब उलट बाहेर पडते, तेव्हा त्या पेगने घोडी आणखीच गारठते. आणि लासलगाव-निफाडच्या बाजूला राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: बाजारातला खराब कांदा किंवा कांद्याची पात फुकट मिळते म्हणून घोड्याला घालू नका. कांद्याने घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

केस कापावेत का, हा प्रश्न दर हिवाळ्यात विचारला जातो. ज्या घोड्याला आठवड्यातून दोनदा हलकं काम आहे, त्याचे केस कापण्याची गरज नाही. पाठोपाठ वराती घेणाऱ्या घोडीचे, किंवा रोज सकाळी रपेट करणाऱ्या, स्पर्धेसाठी तयार होणाऱ्या घोड्याचे कापावेत, पण सगळे नाहीत. भोसला मिलिटरी स्कूलसारख्या ठिकाणी, जिथे घोडेस्वारी शिकवली जाते, तिथलं सकाळचं काम आणि वरातीचं काम यांत फरक आहे. शाळेतला घोडा तापतो, मग ऊन चढत जातं आणि तो वाळतो. वरातीची घोडी तापते तेव्हा पुढे अख्खी रात्र असते.

वरातीच्या घोडीला गळ्याच्या खालची बाजू, छाती आणि पुढच्या पायांच्या मधला भाग एवढंच कापा. फेस येतो तो इथेच, आणि साजाने हा भाग बराचसा झाकलाही जातो. रोज पळणाऱ्या घोड्याला त्यात पोट आणि खांद्यापासून मांडीपर्यंतची खालची पट्टी जोडा. पाठ, पुठ्ठा, पाय आणि कानाच्या आतले केस यांना हात लावू नका. नुकऱ्या घोडीच्या बाबतीत तर नक्कीच नाही. तिची कातडी गुलाबी, पाठ उघडी केली तर नाशिकचं डिसेंबरातलं दुपारचं ऊनसुद्धा भाजतं.

कापण्याच्या आदल्या दिवशी दुपारी अंग धुऊन पूर्ण वाळवा. मळक्या किंवा दमट केसांत मशीनचं पातं अडतं, केस ओढले जातात आणि घोडी पुढच्या वेळी मशीनचा आवाज ऐकूनच उधळते. रेषा खडूने आखून घ्या, दोन्ही बाजूंना सारखी, आणि लांब उभं राहून बघा. मशीन आधी चालू करून दूर धरा, आवाजाची सवय होऊ द्या. मग बंद मशीन खांद्यावर टेकवा, नंतर चालू. पातं कातडीला सपाट धरून केसांच्या उलट दिशेने, लांब पट्ट्यांत, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर थोडी चढवून. काखेत आणि तंगाच्या मागे कातडी सुरकुतते, तिथे दुसऱ्या हाताने ती ताणून धरल्याशिवाय मशीन न्यायचं नाही. दर चार-पाच मिनिटांनी पातं स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. चटका बसला तर थांबा, तेल द्या, गार होऊ द्या. वायर घोडीच्या पायांपासून लांब ठेवा आणि तबेल्याच्या लाइनला करंट गळती झाल्यास बंद होणारा ब्रेकर आहे ना, ते आधी तपासा. मशीन दुसऱ्याच्या तबेल्यातून आणलं असेल तर पातं निर्जंतुक केल्याशिवाय लावू नका. नायटा आणि उवा अशाच फिरतात.

काही मालक भोवऱ्यांच्या भीतीने केस कापू देत नाहीत. देवमण हा शुभ मानलेला भोवरा गेला तर गिऱ्हाईक काय म्हणेल? भोवरा केसांच्या मुळांच्या दिशेने ठरतो, टोकांच्या लांबीने नाही. तो कापूनही तिथेच दिसतो, किंबहुना जास्त स्पष्ट. रंगाचं मात्र खरं आहे. कुमेत घोडा कापलेल्या जागी उंदरासारखा राखाडी दिसतो आणि नवरीकडच्यांनी फोटोत पाहिलेली घोडी ती हीच का, असा प्रश्न येऊ शकतो.

पहिली कापणी नोव्हेंबरच्या मध्यावर, केस पूर्ण आल्यावर. महिना-दीड महिन्याने गरज वाटली तर पुन्हा एकदा. संक्रांतीनंतर मशीन कपाटात टाका, कारण त्यानंतर खालून उन्हाळ्याचे केस निघू लागतात आणि त्यांची टोकं कापली गेली की उन्हाळाभर अंगाला तकाकी येत नाही. कापलेल्या घोडीला रात्री झूल द्यावीच लागते, ही जबाबदारी तुम्ही मशीन हातात घेता त्या क्षणी तुमच्याकडे येते. ती रोज सकाळी काढायची, झटकायची, उन्हात टाकायची. सकाळी नऊनंतर झूल अंगावर विसरणं हे नाशिकमध्ये घोडी घामेजण्याचं एक मोठं कारण आहे. नऊ अंशांची पहाट आणि एकोणतीस अंशांची दुपार यांच्यात जेमतेम आठ तास असतात.

तबेला बंदिस्त करण्याचा मोहही आवरा. सगळीकडून ताडपत्री लावली की मुताची वाफ कोंडते आणि खोकला सुरू होतो. घोड्याच्या पाठीच्या उंचीपर्यंत कडब्याच्या पेंढ्या रचून वारा अडवा, वरची बाजू उघडी ठेवा. शेकोटी तबेल्यात नाहीच. धुराने श्वासनळ्या खराब होतात आणि कडबा पेट घ्यायला एक ठिणगी पुरते.

डॉक्टरांना कधी बोलवायचं? थर्मामीटर तबेल्यात असूच द्या. विसावलेल्या मोठ्या घोड्याचं तापमान साधारण साडेसदतीस ते सव्वाअडतीस अंश सेल्सिअस असतं. पांघरूण घालून, चालवूनही अर्ध्या तासात कुडकुडणं थांबत नसेल, किंवा काम न करता उभ्या उभ्या दरदरून घाम येत असेल, तर वाट पाहू नका. उभ्या घामाबरोबर घोडी मागे वळून कुशीकडे बघत असेल, पुढच्या पायाने माती उकरत असेल तर पोटदुखी समजा. पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे घट्ट, पाऊल उचलवत नाही आणि लघवी कॉफीसारखी काळपट, असं दिसलं तर तिला एक पाऊलही चालवू नका. जिथे आहे तिथेच उभी ठेवा, झाका आणि डॉक्टरांना तिथे बोलवा. स्नायू फाटत असताना चालवणं म्हणजे मूत्रपिंडावर घाव. एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती, खुराक मात्र तोच, आणि मग एकदम काम, या क्रमाने हे बऱ्याचदा होतं, म्हणून दोन वराती लांब-लांब असतील तेव्हा मधल्या दिवसांत चंदी कमी करा आणि घोडी रोज फिरवा. जवळ पशुवैद्य नसेल तर शासनाचा १९६२ हा क्रमांक जनावरांच्या तातडीच्या उपचारांसाठीच आहे.

शिमग्यापर्यंत बहुतेक घोड्यांचे केस गळून जातात. खराऱ्याला झुबके येऊ लागले की रोज दोन वेळा खरारा करा, घोड्यालाही ते हवं असतं. एप्रिल उजाडला तरी लांब, कुरळे केस तसेच असतील, घोडा पंधरा वर्षांच्या पुढचा असेल, पाणी फार पीत असेल, लघवी वाढली असेल, पोट सुटून पाठीवरचं मांस झडलं असेल, तर तो हिवाळ्याचा दोष मानू नका. मेंदूतल्या पिच्युटरी ग्रंथीच्या विकारात असे केस टिकून राहतात आणि असा घोडा अवेळी घामेजतो. रक्तातल्या एसीटीएच या संप्रेरकाच्या तपासणीवरून त्याचं निदान होतं, आणि पेरगोलाइड नावाच्या गोळीवर असा घोडा वर्षानुवर्षं चांगला राहू शकतो. तपासणी लांबवली तर खुरांना सूज येऊन तो उभा राहीनासा होऊ शकतो. उन्हाळ्यात अशा घोड्याचे मात्र अंगभर केस कापा, पाठीसकट, आणि सावलीत बांधा.